खल्ला पाव टिकवण्याविषयी मुलीस पत्र

सोलापूर

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

शेजारच्या ज्यू काकूंकडून शिकून तू दर शुक्रवारी त्यांच्या शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या, रिवाजाप्रमाणे खल्ल्याच्या, म्हणजे वेणीसारख्या गुंफलेल्या पावाच्या, दोन वेण्या भाजतेस, त्यांतील एक त्याच रात्री संपते आणि दुसरी फ्रिजमध्ये ठेवूनही रविवारी चिवट लागते, असे तू लिहिलेस. बेकरीत इतकी वर्षे काढलेल्या बापाला विचारशील, तर ती चिवट होते ती फ्रिजमुळेच.

पाव भाजताना पिठातील स्टार्च पाणी धरून मऊ होतो आणि निवल्यावर पुन्हा हळूहळू घट्ट बांधला जातो. शून्य अंशाच्या जरा वर, म्हणजे नेमक्या फ्रिजच्या थंडाव्यात, ही क्रिया सर्वांत वेगाने होते. म्हणूनच नीट गुंडाळलेला, जराही न वाळलेला पावसुद्धा शिळा लागतो. उणे १८ अंशांवर मात्र ती जवळजवळ थांबते. तेव्हा उरलेला पाव ओट्यावर ठेवायचा की फ्रीझरमध्ये, हे भाजल्या दिवशीच ठरवावे. खल्ल्यात दूध नसले तरी अंडी आणि तेल असल्यामुळे तो साध्या पावापेक्षा मऊ राहतो आणि बंद डब्यात दोन दिवस सहज निघतात.

आपली कडक भाकरी महिनाभर टिकते, कारण तिच्यात पाणीच उरलेले नसते. खल्ल्यात ते भरपूर असते, म्हणून खरी काळजी बुरशीची. पाव जाळीवर दीड-दोन तास पूर्ण निवू दे. ताटात ठेवलास तर तळ घामेजतो. वरून गार लागला तरी वेणीच्या खाचेत बोट घालून पाहा, ऊब तिथेच दडून बसते. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढा भाग कापून उरलेला खाऊ नये, सगळा टाकावा. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा आणखी एक दुखणे उद्भवते: पावाचा गर चिकट होऊन तार सुटते आणि पिकून उतरलेल्या खरबुजासारखा वास येतो. पिठातील काही जंतूंचे बीजाणू भट्टीच्या आचेतही मरत नाहीत, त्यांचा हा प्रताप. असा पाव गुरांनाही घालू नये.

फ्रीझरमध्ये ठेवायचा पाव आधी कापावा, प्लॅस्टिकच्या पातळ कागदात घट्ट गुंडाळावा आणि हवा काढलेल्या पिशवीत घालावा. महिनाभर चव शाबूत राहते. काप तसेच तव्यावर टाकले तरी चालतात. अख्खी वेणी मात्र गुंडाळलेलीच ठेवून तिचा बर्फ सुटू द्यावा, म्हणजे दव बाहेरच्या कागदावर धरते. मग फॉइलमध्ये १६० अंशांवर दहा-पंधरा मिनिटे तापवावी आणि लगेच खावी, कारण हा मऊपणा फार वेळ टिकत नाही.

खारी, टोस्ट, नानकटाई यांना पावाच्या डब्यात जागा देऊ नकोस. त्याचा ओलावा ओढून ती सादळतात. केकचे तू जाणतेसच. क्रीम असेल तरच फ्रिज.

सुट्टीला येताना एक वेणी आण. निघण्याच्या आधी फ्रीझरमधून काढून, गुंडाळलेलीच पिशवीत वरच्या बाजूला ठेव. हुतात्मा एक्स्प्रेसच्या चारेक तासांत ती बरीचशी सुटेल आणि घरी ओव्हन तापवून ठेवण्याचे काम माझे.

तुझे,
बाबा