ताईच्या रिपोर्टमधली ती एक ओळ

नागपूर,
१८ मे

प्रिय मित्रा,

काल रात्री तू ताईच्या आतड्यातल्या कॅन्सरच्या गाठीच्या रिपोर्टचा फोटो पाठवलास आणि एका ओळीखाली रेघ मारून विचारलंस, ‘टीपी५३, आर१७५एच, हे काय असतं रे?’ फोनवर मी घाईघाईत काहीतरी सांगितलं, पण ते माझं मलाच पटलं नाही. इथे कॉलेजात शिकवायला येण्याआधी प्रथिनांचे स्फटिक करण्यात मी सहा वर्षं घालवली. ज्या प्रथिनाचं नाव त्या ओळीत आहे, त्याची रचना मी संगणकावर कित्येकदा फिरवून फिरवून पाहिली आहे. तुला दोन मिनिटांत उरकायला नको होतं. म्हणून आज कूलरसमोर बसून हे सविस्तर लिहितोय.

आधी काकूंचं सांगतो. परवा संध्याकाळी महाल भागातल्या तुमच्या घरी गेलो होतो. केमोमुळे थकून ताई झोपली होती. काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, ‘खरं सांग, माझ्या हातून काही चुकलं काय रे?’ बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांनी कॅन्सर होतो, असं कुणीतरी त्यांना मोबाइलवर पाठवलंय. तुम्ही लहान असताना गावाकडून पोतंभर शेंगा यायच्या, पावसाळ्यात काहींना वास लागायचा, आणि त्या निवडून टाकून उरलेल्या काकू तुम्हाला भाजून द्यायच्या. तेवढंच त्या मनात धरून बसल्यात. मला त्या वेळी ‘नाही हो काकू’ एवढंच बोलता आलं. या पत्राचा मधला भाग त्यांना फोनवर वाचून दाखव.

टीपी५३ हे जनुक, सतराव्या गुणसूत्रावरचं. त्यावरून पेशी पी५३ नावाचं प्रथिन बनवते, ३९३ अमिनो आम्लांची एक माळ. डीएनएवर नेमक्या जागी जाऊन बसायचं आणि तिथली जनुकं चालू करायची, हे त्याचं काम. डीएनएला इजा झाली की पेशीत पी५३ वाढतं. मग ते जी जनुकं जागी करतं, ती पेशीचं विभाजन थोपवतात, दुरुस्तीला वेळ देतात, आणि दुरुस्ती होत नसेल तर पेशीला मरायला लावतात. १९७९ मध्ये ते सापडलं तेव्हा हेच कॅन्सर घडवतं असं वाटलं होतं, कारण प्रयोगांत वापरल्या गेलेल्या जनुकाच्या प्रतीच बिघडलेल्या होत्या. धड पी५३ कॅन्सरला अडवतं, हे १९८९ मध्ये स्पष्ट झालं.

पण ते अडवतं कसं आणि बिघडतं कुठे, हे डोळ्यांना दिसायला १९९४ उजाडावं लागलं. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत निकोला पावलेटिच यांच्या गटाने पी५३ चा मधला, डीएनएला धरणारा भाग घेतला आणि तो डीएनएच्या तुकड्याला चिकटलेला असतानाच त्याचा स्फटिक केला. हे वाचायला सोपं आहे. प्रथिनाचा स्फटिक म्हणजे मिठाचा खडा नव्हे. तो जवळपास अर्धा पाण्यानेच भरलेला असतो, सुईचं टोक लागलं तरी भुगा होतो. मी महिनोन् महिने प्रथिनाच्या द्रावणाचे थेंब लावून ठेवायचो, रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो, आणि एखाद्या सकाळी चमकदार कण दिसला की हात थरथरायचे. सुई टेकवली आणि तो कट्‌ करून तडकला, तर समजायचं, मीठच होतं. त्यांचा स्फटिक खरा होता. त्यातून क्ष-किरण सोडले, ते कुठे किती विखुरले ते मोजलं, आणि त्यावरून २.२ अँगस्ट्रॉमपर्यंतचा तपशील उभा केला. एका सेंटीमीटरचे दहा कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम.

दिसलं ते असं. दोन चटया एकीवर एक ठेवाव्यात तसा या भागाचा सांगाडा आहे. तो फक्त आधार देतो. खरं काम एका टोकाला, तिथून बाहेर आलेल्या वेटोळ्यांमध्ये चालतं. त्यातल्या दोन मोठ्या वेटोळ्यांना जस्ताच्या एकाच अणूने टाका घातलेला आहे. एका वेटोळ्यातली १७६ आणि १७९ क्रमांकाची अमिनो आम्लं, दुसऱ्यातली २३८ आणि २४२, अशा चौघांनी मिळून तो अणू धरलेला असतो. त्यामुळे २४८ व्या जागेवरचं आर्जिनीन नावाचं अमिनो आम्ल डीएनएच्या अरुंद खाचेत नेमकं शिरतं आणि २७३ वं त्याच्या कण्याला धरतं.

रुग्णांच्या गाठींमध्ये सापडलेल्या बदलांची यादी तोवर तयार होती, पण ती नुसती आकड्यांची यादी होती. ती या रचनेवर मांडली, तर वारंवार बिघडणाऱ्या जागा सगळ्या याच टोकाला गोळा झालेल्या. स्फटिकशास्त्राने जीवशास्त्राला दिलेल्या उत्तरांत मला याहून मोठं उत्तर माहीत नाही.

आता ताईची १७५ वी जागा. ती जस्त धरणाऱ्या १७६ च्या अगदी शेजारी. तिथे आर्जिनीन असतं, लांब हाताचं. तो हात दोन्ही वेटोळ्यांना जवळ बांधून ठेवतो. ताईच्या गाठीत त्याच्या जागी हिस्टिडीन आलंय. आर म्हणजे आर्जिनीन, एच म्हणजे हिस्टिडीन, एवढाच त्या नावाचा अर्थ. हिस्टिडीनचा हात तोकडा. वेटोळी सैल पडतात, जस्त सुटतं, आणि डीएनएला धरणारी बोटं जागेवर राहत नाहीत. मुळात हे प्रथिन नाजूकच. धडधाकट असलं तरी त्याचा हा भाग ४४ अंशांच्या आसपास उलगडतो. आपल्या नागपुरात मे महिन्यात त्याहून जास्त तापतं, पण शरीर ३७ वर टिकून असतं म्हणून निभावतं. बदललेल्याला ३७ अंशही सोसत नाहीत.

काकूंना वाचून दाखवायचं ते इथून. डीएनएमध्ये १७५ व्या जागेची तीन अक्षरं सीजीसी असतात, ती सीएसी झाली. म्हणजे डीएनएच्या जोडीच्या, समोरच्या धाग्यावर त्या जी समोर असलेल्या सी चा टी झाला. जी च्या अगोदर येणाऱ्या सी वर पेशी बऱ्याचदा एक लहानसा रासायनिक गट चढवते. असा सी शरीरातल्याच पाण्याने आणि उबेने कधीतरी आपसूक टी होतो. तुझ्या-माझ्या पेशींतही हे चालूच असतं. बहुतेक वेळा दुरुस्त होतं, एखाद्या वेळी राहून जातं. शेंगदाण्यांवरच्या बुरशीचं विष वेगळी खूण ठेवतं. त्याचा ओळखीचा घाव यकृताच्या कॅन्सरमध्ये, २४९ व्या जागी, जी चा टी असा दिसतो. ताईची गाठ आतड्यातली, जागा १७५, बदलही दुसऱ्याच प्रकारचा. त्यावर शेंगांचा ठसा नाही. आणि रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय की रक्ताच्या नमुन्यात हा बदल सापडला नाही. म्हणजे तो काकूंकडून किंवा काकांकडून आलेला नाही. तो फक्त गाठीत आहे. हे त्यांना दोनदा सांग.

औषधाचं विचारलंस. पी५३ च्या २२० व्या जागी होणाऱ्या एका बदलामुळे प्रथिनाच्या पृष्ठभागावर खळगा पडतो. तो खळगा अशाच रचनांमध्ये दिसला, त्यात नेमका बसणारा रेणू घडवला गेला, आणि त्याच्या चाचण्या माणसांवर चालू झाल्या आहेत. पण ताईचा बदल तो नाही, म्हणून त्या बातम्या वाचून आशा लावू नकोस. १७५ व्या जागेसाठी जस्त परत बसवण्याचे प्रयत्न प्रयोगशाळांत चालले आहेत. तू लगेच जस्ताच्या गोळ्या आणशील म्हणून आत्ताच सांगतो, आणू नकोस. गिळलेल्या गोळीने हे प्रथिन सावरत नाही. केमो ठरल्याप्रमाणे पूर्ण होऊ दे, आणि जे विचारायचं ते तिच्या डॉक्टरांनाच विचार.

रविवारी लॅपटॉप घेऊन ताईकडे जातोय. तिनेच सांगितलंय, ‘माझ्यात काय मोडलंय ते मला दाखव.’ ती रचना उघडून तिला जस्ताचा अणू दाखवीन आणि त्याच्या शेजारची ती जागाही. तुझं तिकीट झालं की गाडीची वेळ कळव. स्टेशनवर घ्यायला येतो.

तुझाच,
भाऊ