शुभे, सतीशनं टोकन देऊन टाकलं

प्रिय शुभा,

सतीशनं कॅरॅव्हॅनचं, त्या राहायच्या गाडीचं, टोकन दिलं. दोन लाख रुपये. मला न सांगता. जॉइंट अकाउंट आहे म्हणून मेसेज मलाही आला, मी पार्ल्याच्या बाजारात अळूची जुडी हातात घेऊन उभी होते आणि तो आकडा बघून मला आधी वाटलं कुणीतरी फ्रॉड केला, मी तिथूनच बँकेला फोन लावायला घेतला होता. घरी आले तर हा हसतोय. शुभे, किती दिवसांनी हसला ते तुला सांगायला नको. म्हणूनच अडकलेय मी, आणि हे ताईला सांगून उपयोग नाही, ओजसला तर नाहीच, तो म्हणतो बाबांचे पैसे आहेत, तू कशाला पडतेस.

आणि हे खूळ कुठून आलं ते तुला माहितीये. इंग्लंडातल्या व्हिटबीचे तुझे ते व्हिडिओ! समोर समुद्र, गाडीच्या दारात मिलिंद खुर्ची टाकून बसलाय, तू चहा घेऊन येतेस. सतीशनं ते इतक्या वेळा पाहिलेत की तुमच्या पडद्यांचा रंग त्याला पाठ आहे. तुमच्याकडचे नियमसुद्धा पाठ केलेत, मागे कॅरॅव्हॅन जोडली असेल तर मोटरवेवर ताशी 60 मैलांच्या वर जायचं नाही आणि तीन लेनच्या रस्त्यावर अगदी उजवीकडच्या लेनमध्ये शिरायचं नाही, हे तो मला वरण फोडणीला टाकताना ऐकवतो. तू आधीपासूनच अशी, लोकांना तयार करायचं आणि आपण बाजूला. कोल्हापूरला नाही का, सकाळी जोतिबाला जाऊ म्हणून सगळ्यांना उठवलंस आणि स्वतः पांघरूण ओढून झोपलीस. आणि हो, त्या रात्री मामांना फोन करायचा नव्हताच, हे मी आजही म्हणणार, तू कितीही भांड.

तर झालं असं की फेब्रुवारीत आम्ही एक भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन कोकणात गेलो होतो. आई, सतीश, ओजस, मी आणि ड्रायव्हर. सतीशच्या मनात ट्रायल घ्यायची होती हे मला नंतर कळलं. मला सांगितलं होतं आईंसाठी जाऊ. आणि खरं सांगू, आईंसाठी ती गाडी म्हणजे देवच पावला. तुला आठवतं ना आईंचं प्रवासात कसं असतं, आदल्या रात्रीपासून पाणी बंद. गोवा हायवेचं काम 2011 ला सुरू झालं तेव्हा ओजस पाचवीत होता, आता तो नोकरीला लागला तरी पेणच्या पुढे बाईमाणसानं कुठे जायचं हा प्रश्न आहे तिथेच आहे, एखादा बरा पेट्रोलपंप सापडला तर नशीब. मागच्या वेळी घरी आल्यावर आईंना युरिन इन्फेक्शन झालं आणि त्या म्हणाल्या आता माझं कोकण संपलं. ह्या वेळी गाडी बाजूला घ्यायची, दार उघडायचं, कमोड, धरायला दांडा, हात धुवायला बेसिन. माणगावपर्यंत त्यांनी पाण्याची अख्खी बाटली संपवली आणि वर चहा मागितला. मी त्यांच्याकडे बघतच राहिले गं. हॉटेल कितीही चांगलं असू दे, ते मुक्कामाला असतं, मधल्या सात-आठ तासांचं काय करायचं ह्याचं उत्तर हॉटेलकडे नाही. हे मी सतीशला कबूल केलंय, तुलाही करते.

पण आता पुढचं ऐक.

दाभोळच्या जेट्टीवर आलो, धोपाव्याच्या फेरीबोटीसाठी. ओहोटी होती, त्यामुळे रॅम्प चांगलाच उतरता. ह्या गाडीचा मागचा भाग चाकांच्या मागे बराच लांब येतो, त्यामुळे पुढची चाकं बोटीवर चढली आणि मागे खरर्र करून बंपर घासला, आत कपाटाचं दार उघडून माझे डबे खाली, लोणच्याच्या बरणीचं झाकण उडालं, सगळ्या गालिच्याला तेल. बोटीवरची माणसं फळ्या घेऊन धावली. सतीश म्हणे ॲडव्हेंचर. मी गुडघ्यावर बसून तेल पुसतेय. मग गुहागरात वरचा पाट म्हणतात त्या वस्तीच्या रस्त्यावर शिरलो, दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, वर फणसाच्या फांद्या आणि केबलच्या वायरी, ओजस उतरून काठीनं वायर उचलून धरतोय आणि गाडी खालून सरकतेय. समोरून एसटी आली तेव्हा तर मी डोळेच मिटले.

रात्री राहायचं कुठे? सतीशच्या डोक्यात अगदी किनाऱ्यावर, तुमच्यासारखं. वेळणेश्वरला वाळूत गाडी घालू नका म्हणून गावातल्या माणसानंच हात जोडून सांगितलं, भरतीला रुतलेल्या गाड्या ट्रॅक्टर लावून काढाव्या लागतात. शेवटी एका घरगुती मुक्कामाच्या अंगणात लावली. का, तर एसी चालवायला वीज लागते, गाडीच्या बॅटरीवर दिवे-पंखे चालतात पण एसी रात्रभर ओढत नाही. त्या काकूंच्या स्वयंपाकघरातल्या 15 अँपिअरच्या पॉइंटवरून खिडकीतून वायर ओढली. पाण्याची टाकी 120 लिटरची, चार जणांच्या आंघोळी म्हणजे सकाळीच निम्म्याहून जास्त खलास, मग त्यांच्याच विहिरीच्या पंपाचा पाइप लावला. ड्रायव्हर झोपणार कुठे ह्याचा कुणी विचारच केला नव्हता, तो बिचारा पुढच्या सीटवर पाय दुमडून, मी काकूंना सांगून त्याला पडवीत गादी दिली. आणि शुभे, त्याच काकूंची समोरची खोली रिकामी होती. दोन हजार रुपये. दार उघडं, पलंगावर स्वच्छ पांढरी चादर ताणून घातलेली, वर पंखा. रात्री दोनला व्होल्टेज पडून एसी बंद झाला, सगळे घामाघूम, आणि मी ती खोली बघत बसले.

सकाळी पोहे मीच केले. एवढ्याशा इंडक्शनवर, पाठ वाकवून, कारण वरचं कपाट कपाळाला लागतं. नंतर भांडी, नंतर अंथरुणं घडी घालून सोफा करायचा, नाहीतर बसायला जागा नाही. नंतर सगळं बांधून ठेवायचं, नाहीतर पहिल्या वळणावर खाली. काकू कांदेपोहे द्यायला तयार होत्या गं! पण मग कॅरॅव्हॅन कशाला घेतली, असं सतीशचं म्हणणं. संडासची कॅसेट, म्हणजे खालची घाण साठायची टाकी, रिकामी करायची वेळ आली तेव्हा ओजस फोनवर बोलत लांब गेला. सतीशनं आणि ड्रायव्हरनं बाहेरचं झाकण उघडून ती ओढून काढली आणि काकूंच्या संडासात नेऊन ओतली, आणि ती नळाखाली खंगाळून त्यात निळं औषध घालायचं काम आलं माझ्याकडे. तुमच्याकडे साइटवर प्रत्येक जागेला विजेचा खांब, नळ, ती टाकी ओतायला एल्सन पॉइंट. आपल्याकडे सरकारनं 2021 ला कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, कॅरॅव्हॅन पार्क होणार असं त्यात आहे, सतीशकडे त्याची पीडीएफ आहे, पण आमच्या अख्ख्या वाटेवर आम्हाला तसं एकही पार्क लागलं नाही.

एके रात्री त्यानं मला सांगितलं की अशी हौसेची पहिली गाडी 1885 साली इंग्लंडात झाली, गॉर्डन स्टेबल्स म्हणून नौदलातला स्कॉटिश डॉक्टर होता, त्यानं ब्रिस्टलला ती 'वाँडरर' बनवून घेतली, घोड्यांची. मी म्हटलं घोडे कोण हाकायचं? म्हणे कोचमन होता. आणि शिवाय एक नोकर तिचाकी सायकलवरून पुढे जायचा, लोकांना बाजूला व्हा सांगायला. मी म्हटलं बघ, दोन माणसं होती हाताखाली. त्यावर म्हणाला, आपण दोघं आहोतच की. तेव्हा मला हसू आलं, पण आता त्या वाक्यानंच झोप उडते.

तुलाच कळेल म्हणून लिहितेय. त्या कोल्हापूरच्या लॉजवर मॅनेजरनं चष्म्यावरून बघत विचारलं, बरोबर पुरुषमाणूस कोण आहे, आणि आपण दोघी बॅगा घेऊन परत खाली. त्यानंतर ऑफिसच्या ट्रेनिंगला मी नागपूरला एकटी गेले, रजिस्टरवर माझी सही, आणि माझ्या सहीवर किल्ली. मी खोलीत जाऊन दार लावलं, पलंगाच्या कडेला बसले, फोन उचलून चहा सांगितला. चहा आला. ट्रेमध्ये. मी कुणाला काही वाढलं नव्हतं आणि तरी चहा आला. मला हॉटेलचं वेड आहे असं सतीश म्हणतो, पंचतारांकितचं वेड नाही गं, पार साध्या लॉजचंसुद्धा चालतं, दुसऱ्या कुणीतरी चादर घातलेली असली की झालं. माझी सुट्टी तिथेच सुरू होते. कॅरॅव्हॅनमध्ये माझं स्वयंपाकघर माझ्या मागोमाग येतं, तेही अर्ध्या मापाचं.

पैशाचंही सांगते, कारण मी नुसती भावनेनं बोलते असं तो म्हणतो. गाडी 25 लाखांच्या वर जाते. तेवढेच एफडीत ठेवले तर सात टक्क्यांनी वर्षाला पावणेदोन लाख व्याज, म्हणजे पाच हजारांची खोली धरली तरी 35 रात्री, मुद्दल जागच्या जागी. खोल्यांवरचा जीएसटीही 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंत 5 टक्क्यांवर आलाय, आधी 12 होता. आणि गाडी ठेवायची कुठे? आमच्या स्टॅक पार्किंगमध्ये वॅगनार जाते तीच मोजून-मापून, ही सहा-सात मीटरची, सोसायटीच्या कमानीखालून तरी जाईल का? सेक्रेटरीला विचारलं तर तो म्हणाला वहिनी, आधी जनरल बॉडीत आणा. सतीश म्हणतो खारघरला भाड्यानं जागा घेऊ. म्हणजे सुट्टीला निघायला आधी खारघर गाठा! चार महिने पावसात उभी राहिली की गाद्यांना बुरशी, बॅटरी डाऊन, इन्शुरन्स चालूच.

माझं मत झालंय. वर्षातून एकदा भाड्यानं घ्यावी, आईंना घेऊन, रस्त्यासाठी वापरावी आणि रात्री सरळ खोली घ्यावी. विकत नाही. पण हे त्याला कसं सांगू? विन्या गेल्यापासून हा माणूस पेपर उघडून बसायचा आणि पान उलटायचा नाही. आता पहाटे उठून वहीत नकाशे काढतो, पलंग कुठे, सिंक कुठे, आईंसाठी दांडा कुठे. एका कागदावर कोपऱ्यात 'विन्याची खिडकी' लिहिलंय. ते दोघं रिटायर झाल्यावर फिरणार होते ना. मी तो कागद पाहिला आणि परत जागेवर ठेवून दिला, बोलले नाही काही. 25 लाखांचा हिशेब मी मांडू शकते, त्या खिडकीचा कसा मांडू. मी नाही म्हटलं तर तो लगेच ऐकेल, हीच भीती आहे. ऐकेल आणि पुन्हा पेपर घेऊन बसेल.

माझी तब्येत ठीक, शुगर आटोक्यात, गुडघा तसाच. ऋताच्या नोकरीचं काय झालं? तुझं ते घराचं गळतीचं काम झालं का, आणि तुझ्या सासूबाईंना तिकडे थंडी सोसतेय का? वंदू भेटली होती, तुझी चौकशी करत होती, जाडी झालीये पण गळा तोच.

बाकीचे पैसे महिनाअखेरीला भरायचेत, त्याच्या आत मला तुझ्याकडून खरं खरं हवंय. तुमच्या त्या गाडीत सकाळी आधी कोण उठतं, भांडी कुणाकडे, आणि तू घरी परत येतेस तेव्हा तुला आराम झालेला असतो का? मिलिंदशी सतीशचं पटतं, त्यामुळे विन्याबद्दल मिलिंदनंच त्याच्याशी एकदा बोललं तर बरं, गाडीचा विषय न काढता. रविवारी आमच्या संध्याकाळी फोन कर, सतीश तेव्हा आईंना घेऊन कीर्तनाला जातो. मिलिंदला शेजारी बसव, त्याला मला एकच विचारायचंय, ती कॅसेट तो ओततो की तू.

तुझी,
मंगल