नवा लॅपटॉप आणि बाबांचा फवारणी पंप

ता. समुद्रपूर, जि. वर्धा
१२ नोव्हेंबर

प्रिय संज्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा वावरात होतो. कापूस वेचायला बाया आल्या होत्या, नीट बोलणं झालं नाही. तसंही नव्या लॅपटॉपच्या विषयावर बोलताना माझ्या तोंडून शिव्या निघतात आणि आई ऐकते. म्हणून पत्र.

लॅपटॉप घेतला. पॉलिटेक्निकला असताना आपण जिच्यावर जीव टाकायचो तीच कंपनी, तेच मॉडेल, फक्त या वर्षीचं. जुन्याच्या पोटाखालचा एक स्क्रू काढला की रॅमची खाच समोर यायची, आठवतं? याला अकरा स्क्रू. रात्री लाइन गेली तेव्हा मोबाइलच्या उजेडात सगळे काढून ताटलीत ठेवले, तळ उचकटला, तर खाचच नाही! चिपा थेट बोर्डावर झाळलेल्या. चार जीबी जन्माला आली, चार जीबीच मरणार. लोकांचे पीकविम्याचे अर्ज भरायला दोन टॅब उघडले की पंखा बोंबलतो. नागपूरच्या सर्व्हिस सेंटरमधला पोरगा म्हणे, "दादा, रॅम वाढवायची तर बोर्डच बदला."

बाबा शेजारीच फवारणी पंपाचा वायसर बदलत बसले होते. म्हणाले, "अबे, हा पंप तुह्या वयाचा हाय. याचा वायसर हिंगणघाटात आजही भेटते. तुह्या मशीनले काय धाड भरली?"

काय सांगू त्यांना?

ॲमिगाचं, कमोडोर कंपनीच्या त्या जुन्या संगणकाचं, वेड तूच लावलंस, म्हणून तुलाच सांगतो. १९८५ साली न्यूयॉर्कच्या मंचावर चित्रकार अँडी वॉरहॉलनं तिच्यावर गायिका डेबी हॅरीचं चित्र रंगवलं, हे तू किती वेळा ऐकवलंस! एका वेळी ४०९६ रंग दाखवणारं यंत्र कमोडोरच्या हाती होतं. आणि १९९२ साली त्यांनी काय काढलं? ॲमिगाचंच ए ६०० हे मॉडेल. प्रोसेसर तोच, सात वर्षांपूर्वीचा. आकड्यांची कळपट्टी गायब. वर तो प्रोसेसर बोर्डावर झाळलेला. बरा चाललेला आधीचा ए ५०० प्लस त्यापायी काही महिन्यांत गुंडाळला. १९९४ च्या एप्रिलात कंपनीचंच दिवाळं वाजलं. मशीन भिकार असतं तर कोण रडलं असतं रे? चांगल्या मशीनची माती केली की जीव जळतो.

मजा म्हणजे हौशी मंडळींनी पुढे त्या झाळलेल्या प्रोसेसरवरच वरून दाबून बसणारी कार्डं बनवली. मूळ प्रोसेसर तिथंच, काम कार्डावरचा करतो. असे लोक पगारावर ठेवायचं कंपन्यांना का सुचत नाही, देव जाणे. आपल्या चिपांचं मात्र तसंही काही होत नाही, मी शोधून पाहिलं.

तुझा तो जुना लॅपटॉप माळ्यावर पडलाय ना? भंगारवाल्याला देऊ नकोस. बॅटरी मेलेली असली तरी चालेल, माझ्याकडच्या जुन्या रॅमच्या दोन पट्ट्या त्यात टाकतो. संक्रांतीला येताना घेऊन ये. तोवर तुरीचे सोले निघतील. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
गज्या