तारीख दिलीत तर ती पाळा: नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

रामबाग, इंदूर
20 जानेवारी 2022

माननीय केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री महोदय यांस,

सविनय नमस्कार.

नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरची बंदी 28 फेब्रुवारीपर्यंत वाढवल्याचे काल आपल्या खात्याच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जाहीर केले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आपले घराणे मराठी आहे आणि आपण याच प्रदेशाचे आहात, तेव्हा मराठीत लिहिलेले आपल्यापर्यंत पोहोचेल अशी आशा आहे.

करोनामुळे मार्च 2020 पासून बंद असलेली ही उड्डाणे 15 डिसेंबरपासून सुरू होतील, असे 26 नोव्हेंबरला आपल्या मंत्रालयाने सांगितले. 1 डिसेंबरला ती तारीख मागे घेतली गेली. 9 डिसेंबरला 31 जानेवारीचे नाव निघाले आणि काल 28 फेब्रुवारीचे. ओमायक्रॉन हा करोनाचा नवा प्रकार कोणी बोलावून आणला नाही, हे मला समजते. पण दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना आणि हाँगकाँगहून येणाऱ्या प्रवाशांची कसून तपासणी करा, असे पत्र केंद्रीय आरोग्य खात्याने सर्व राज्यांना 25 नोव्हेंबरलाच पाठवले होते. एक खाते धोक्याची सूचना देते आणि दुसऱ्याच दिवशी दुसरे खाते उड्डाणे सुरू होण्याची तारीख देते, तर ही दोन खाती एकमेकांशी बोलतात की नाही? त्या तारखेवर विसंबून लोकांनी रजा टाकल्या, आगाऊ पैसे भरले, म्हाताऱ्या माणसांना शब्द दिले. आमच्या घरीही तेच झाले.

माझा भाऊ शारजाहला नोकरी करतो. आईने त्याला 2019 नंतर पाहिलेले नाही. आमचे ठरले होते ते साधेच होते: आई, मी, माझे यजमान आणि मुलगी अशा चौघांनी संक्रांतीच्या सुमारास जायचे, भावाकडे राहायचे आणि दुबईचे एक्स्पो प्रदर्शन पाहायचे, कारण ते 31 मार्चला संपते आणि मुलीने वर्षभर त्याचाच ध्यास घेतला होता. 15 डिसेंबरनंतर विमाने वाढतील, भाडी उतरतील, म्हणून आम्ही थांबलो. विमाने वाढली नाहीत. नियमित उड्डाणे बंद असली तरी 'एअर बबल' म्हणजे दोन देशांतल्या खास करारांखाली मोजकी विमाने जातात; शेवटी आपल्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून सप्टेंबरपासून पुन्हा सुरू झालेल्या, आठवड्यातून फक्त बुधवारी दुबईला जाणाऱ्या विमानाची 12 जानेवारीची तिकिटे चढ्या भावात काढली. मुंबईहून गेलो असतो तर अवंतिका एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास, तिथे मुक्काम आणि तिथल्या चाचण्या, हे सगळे आईच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते.

निघण्यापूर्वी 48 तासांच्या आत केलेल्या आरटी-पीसीआरचे चौघांचे रिपोर्ट निगेटिव्ह होते. संयुक्त अरब अमिरातीच्या नियमाप्रमाणे विमान सुटण्याच्या आधी सहा तासांच्या आत विमानतळावर आणखी एक रॅपिड चाचणी द्यावी लागते. शहरात काही शे रुपयांत होते ती चाचणी तिथे माणशी काही हजारांची आहे. आम्ही पैसे भरले, नमुने दिले आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. आईच्या मांडीवर गुळपोळ्यांचा डबा होता, तो तिने सामानात टाकू दिला नव्हता. थोड्या वेळाने काउंटरवरच्या मुलाने तिघांची नावे घेतली आणि चौथे नाव हळू आवाजात घेतले. आई पॉझिटिव्ह. हातात अर्ध्या पानाचा कागद आला, त्यावर सीटीचा, म्हणजे नमुन्यात विषाणू किती याचा अंदाज देणारा, आकडा नव्हता, कोणत्या यंत्रावर चाचणी केली तेही लिहिलेले नव्हते. पुन्हा एकदा नमुना घ्या, पैसे भरते, अशी मी हात जोडून विनंती केली. तशी सोय नाही, असे उत्तर मिळाले. आई सगळ्यांसमोर रडली नाही, पण "तुम्ही तिघे जा" हे ती ज्या आवाजात म्हणाली तो आवाज माझ्या कानातून अजून जात नाही. एकटी म्हातारी बाई आजारी ठरवून घरी पाठवायची आणि आपण प्रदर्शन पाहायला जायचे, हे कोणत्या लेकीला जमेल? चौघेही परत आलो.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या प्रयोगशाळेत आईची आरटी-पीसीआर केली. निगेटिव्ह. कोणता रिपोर्ट खरा, हे आजपर्यंत कोणी सांगितलेले नाही. विमानतळावरचा कागद मात्र नोंदीत गेला होता, त्यामुळे आईला सात दिवस एका खोलीत काढावे लागले आणि तिची संक्रांत दाराच्या आतच झाली. ज्या टूर कंपनीने हॉटेल आणि प्रदर्शनाची तिकिटे काढून दिली होती तिने परताव्याऐवजी सहा महिन्यांत पुढच्या सहलीसाठी वापरायची पावती पाठवली आहे. प्रदर्शन 31 मार्चला संपत असताना त्या पावतीचे आम्ही काय करायचे? विमान कंपनी म्हणते, विमान तर वेळेवर गेले, प्रवासी आला नाही. प्रवासी आला होता, महोदय. सामान घेऊन, पासपोर्ट घेऊन, दोन-दोन चाचण्या देऊन आला होता.

आता नियमांकडे पाहा. 5 जानेवारीच्या गृहविलगीकरणाच्या सूचनांप्रमाणे सौम्य लक्षणांचा करोनाबाधित माणूस सात दिवसांनी, शेवटचे तीन दिवस ताप नसेल तर, मोकळा होतो आणि त्याला पुन्हा चाचणी लागत नाही. 7 जानेवारीला निघालेल्या आणि 11 तारखेपासून लागू झालेल्या सूचनांप्रमाणे परदेशातून आलेला निरोगी माणूस, निघताना 72 तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट 'एअर सुविधा' या सरकारी पोर्टलवर चढवूनही, सात दिवस घरात बसतो आणि आठव्या दिवशी पुन्हा आरटी-पीसीआर करून तो निकाल त्याच पोर्टलवर टाकतो. म्हणजे आजाऱ्यापेक्षा निरोग्याला जास्त बंधने. अमिरात आपल्या 'जोखमीच्या' देशांच्या यादीत नाही, तिथून येणाऱ्यांपैकी फक्त दोन टक्क्यांची विमानतळावर चाचणी होते, तरी सात दिवसांची कोंडी शंभर टक्क्यांना आहे. हा नियम आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी लागू झाला. आठवडाभराच्या सहलीसाठी यजमानांनी आणखी आठवडाभराची रजा कुठून आणायची?

आयसीएमआरने, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, 4 मे 2021 लाच सांगितले होते की राज्याराज्यांतून जाणाऱ्या निरोगी प्रवाशांची आरटी-पीसीआरची अट पूर्णपणे काढून टाकावी, प्रयोगशाळांवर भार पडतो. या 10 जानेवारीलाही तिने तोच अर्थ पुन्हा मांडला. देशातल्या प्रवासाला जे शास्त्र लागू होते ते समुद्र ओलांडल्यावर बदलते का?

हे प्रश्न आपल्या खात्याचे नाहीत, असे उत्तर येईल हे मला ठाऊक आहे. उड्डाणे महासंचालनालयाकडे, विलगीकरण आरोग्य खात्याकडे, विमानतळावरची चाचणी परदेशी सरकारच्या नियमाकडे, तिचा दर आणखी कोणाकडे, आणि घरी येणारे फोन जिल्हा प्रशासनाकडे. प्रत्येकाच्या हातात आदेश काढण्याचा अधिकार आहे, पण त्या आदेशाने झालेले नुकसान कोणाच्याच खात्यावर पडत नाही, ते फक्त आमच्या खात्यावर पडते. आणि हे चालू असताना पाच राज्यांच्या निवडणुकांसाठी लाखालाखांच्या सभा भरत होत्या. निवडणूक आयोगाने 8 जानेवारीला त्यांच्यावर बंदी घातली, तोपर्यंत कोणत्या मैदानाच्या दारात कोणी 72 तासांचा रिपोर्ट मागितला? सभेला येणाऱ्या माणसावर विश्वास आणि तीन-तीन रिपोर्ट दाखवणाऱ्या कुटुंबावर संशय, हा भेद मला सहन होत नाही. दोन वर्षे आम्ही थाळ्या वाजवल्या, दिवे लावले, मास्क घातले, लशीसाठी पहाटे रांगा लावल्या. आम्ही शिस्त मोडली नाही. म्हणूनच नियम करणाऱ्यांनीही काही शिस्त पाळावी, असे म्हणण्याचा आम्हाला हक्क आहे.

करोनाच्या पहिल्या टाळेबंदीतल्या तिकिटांच्या परताव्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 1 ऑक्टोबर 2020 रोजी त्याने महासंचालनालयाची योजना मान्य केली तेव्हा कुठे लोकांना पैसे मिळण्याची वाट झाली. विमानतळावरच्या चाचणीमुळे अडवल्या गेलेल्या प्रवाशाला, आणि त्याच्यासोबत परतणाऱ्या कुटुंबीयांना, तसाच स्पष्ट परतावा मिळेल असा आदेश आपण काढावा. हे आपल्याच खात्याच्या हातात आहे. विमानतळावर रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर लगेच दुसरा नमुना देण्याची मुभा असावी आणि दोन्ही निकाल पूर्ण तपशिलासह लेखी मिळावेत. तीसहून अधिक देशांशी आपण एअर बबलचे करार केले आहेत, तेव्हा अमिरातीशी याबद्दल बोलणे अशक्य नाही. आणि परतणाऱ्या प्रवाशावरचा कोणताही नवा नियम किमान तीन आठवडे आधी कळवावा. विषाणू अचानक बदलला तर अपवाद करावा, पण ज्यांनी आधीच तिकिटे काढली आहेत त्यांचे पैसे मग सरकारने मिळवून द्यावेत.

28 फेब्रुवारीनंतर उड्डाणे सुरू होणार आहेत की नाहीत, हे निदान 10 फेब्रुवारीपर्यंत सांगावे, ही माझी सर्वांत निकडीची विनंती आहे. भावाला मार्चमधल्या रजेचा अर्ज त्याच आठवड्यात करावा लागतो, आणि आम्हाला जाता येणार नसेल तर या वेळी तोच इकडे यायला तयार आहे, फक्त आल्यावर सात दिवस कोंडून राहावे लागणार नाही एवढे त्याला आधी कळायला हवे.

आपली,
रामबागेतील एक नागरिक