पत्रास कारण, दूध

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तू व्हीगन झालीस, म्हणजे दूध, अंडी, मांस असं जनावरांकडून येणारं सगळं सोडलंस, त्यावरून परवा जेवताना "मग झाडांना जीव नसतो का?" असं मी तुला विचारलं आणि स्वतःवरच खूश झालो. तू ताटातून मान वर न काढता म्हणालीस, "बाबा, गाय काय खाते?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. रात्री अंथरुणावर पडला. जनावर पोसायला आधी ढीगभर वनस्पतीच लागतात. जगातल्या सोयाबीनचा तर तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग जनावरांच्या खाद्यातच जातो. म्हणजे झाडांची मला एवढी कणव असेल, तर तुझ्या बाजूला मीच यायला हवं!

खरं सांगू? तो प्रश्न नव्हताच गं. लहानपणी पेला संपवून तू तोंड वर करायचीस आणि तुझ्या ओठावरची पांढरी मिशी मी अंगठ्याने पुसायचो. तोच पेला तू बाजूला सारलास, ते मला लागलं होतं.

"दूध काढल्याने कोण मरतं?" हेही मीच विचारलं होतं. गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही, हे मला ठाऊक होतं. पण नऊ महिने गाभण राहून तिला होणाऱ्या वासरांपैकी साधारण निम्मे गोऱ्हे असतात, दुधाच्या धंद्याला त्यांचा उपयोग नाही, मग ते जातात कुठे, हे इतक्या वर्षांत कधी मनात आलं नाही. अंड्यांचंही तेच. अंडी देणाऱ्या जातीतली नर पिल्लं सहसा पहिल्याच दिवशी मारतात. जर्मनीने २०२२पासून त्यावर बंदी आणली, एवढी ती गोष्ट सर्रास होती. वाचून मी गप्प बसलो. चहा मात्र दुधाचाच प्यायलो, खोटं कशाला बोलू.

प्रोटीनवरून तुला उगाच छळलं. डाळी, शेंगदाणे, सोया पोटभर खाल्लंस की झालं.

पण बी-१२ जीवनसत्त्वाच्या बाबतीत मी ऐकणार नाही. ते ना गाय बनवते ना झाड, ते बनवतात जीवाणू. जनावरांकडून ते आपल्यापर्यंत पोचतं, वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं अवघं २.४ मायक्रोग्रॅम, मिठाच्या कणाहूनही कितीतरी कमी. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो आणि तिथेच फसगत होते. "मला तर काही होत नाही" असं तू आज म्हणतेस, ते त्या शिलकीवर. पालेभाज्यांत फोलेट (आणखी एक ब जीवनसत्त्व) भरपूर असतं, त्यामुळे बी-१२ कमी पडल्याने होणाऱ्या रक्तक्षयाची खूणही झाकली जाऊ शकते, आणि आत मज्जातंतूंना इजा होत राहते. ती नेहमी भरून येते असं नाही. पायाला मुंग्या यायची वाट बघू नकोस. गोळी घ्यावी लागते म्हणजे हा आहारच अनैसर्गिक, असं कुणी म्हणालं तर सांग, गाईच्या खुराकातही कोबाल्ट हे खनिज मिसळतात, तिच्या पोटातल्या जीवाणूंनी बी-१२ बनवावं म्हणून.

ड जीवनसत्त्वाची गोळी मात्र तू फेकून दिलीस म्हणे. त्या गोळीतलं डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात, हे खरं. दगडफुलासारख्या लायकेनपासून (बुरशी आणि शेवाळ यांची जोडी) केलेलंही मिळतं, ते शोध. पण ते मिळेपर्यंत गोळीवाचून राहू नकोस. 'व्हीगन' शब्द १९४४ साली ज्या इंग्लिश मंडळींनी काढला, त्यांच्या संस्थेच्या व्याख्येतच 'शक्य आणि व्यवहार्य असेल तिथवर' असं म्हटलंय. (मी याला आजकालचं खूळ म्हणालो होतो, ते मागे घेतो.)

रक्त तपासून रिपोर्ट पाठव.

तुझा,
बाबा

ता.क. काल कॉफीत सोयाचं दूध घालून पाहिलं. फाटलं. आधी गरम करून घ्यायचं असतं का?