हिमालयी महालिली आणि नागपूरची सावली

महोदय,

कंद घरपोच मागवण्याची सोय झाल्यापासून ‘हिमालयाची महालिली’ म्हणून विकले जाणारे कंद नागपुरातील बागप्रेमींच्याही हाती येऊ लागले आहेत. सोबत सूचना असते ती एवढीच, की सावलीत लावा. या अपुऱ्या सूचनेपायी पैसे तर जातातच, शिवाय एक देखणी वनस्पती हकनाक मरते, म्हणून हे पत्र.

महालिली, शास्त्रीय नाव कार्डिओक्रायनम जायगँटियम, ही हिमालयात सुमारे १५०० मीटरच्या वर, दमट जंगलांत वाढणारी वनस्पती असून वनस्पतिशास्त्रज्ञ वॉलिक यांनी १८२४ मध्ये नेपाळमधील नमुन्यांवरून तिचे वर्णन केले. बियांपासून फूल येण्यास साधारणतः पाच ते सात वर्षे लागतात. मग हृदयाकृती पानांमधून तीन मीटरपर्यंतचा दांडा वर येतो, त्यावर घशात तांबड्या-जांभळ्या रेघा असलेली पांढरी, सुगंधी फुले लागतात आणि फुलोरा संपल्यावर मूळ कंद मरून भोवताली पिल्ले उरतात. कंदाचे टोक मातीच्या पातळीलाच ठेवावे लागते, आणि माती कुजलेल्या पानांची, ओल धरणारी तरीही पाणी न साचू देणारी असावी लागते. थंडीतील विश्रांती तर तिला हवीच. आपले शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आहे आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. आंब्याची दाट सावली ऊन अडवील, परंतु रात्रीचा उकाडा ती अडवू शकत नाही. त्यात पावसाळ्यात चिकटणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी आपली काळी माती.

याचा अर्थ झाडांखालची जागा ओसाड ठेवावी असा नव्हे. फुटबॉल लिली अशाच अर्धसावलीत वाढते आणि पावसाच्या तोंडावर तिचे तांबडे गेंद जमिनीतून वर येतात. नागदवणाही विरळ सावलीत चांगला वाढतो. जिथे थोडे ऊन पोहोचते अशा कुंपणाशी आपली कळलावी लावावी. पावसाळ्यात ती पानांच्या टोकांनी आधार धरत चढते. मात्र तिचा कंद अत्यंत विषारी असल्याने घरात लहान मुले किंवा जनावरे असल्यास ती टाळलेलीच बरी. या सर्वांना महालिलीइतकीच पानांच्या खताची गोडी आहे, आणि तेच खत होऊ शकणारा पाचोळा आपण दर उन्हाळ्यात ढीग करून पेटवतो, याचे मला फार वाईट वाटते.

विक्रेत्यांनी कंदाच्या पाकिटावर त्याला लागणारे तापमान स्पष्ट छापावे आणि सार्वजनिक उद्यानांनी पाचोळा जाळण्याऐवजी खड्ड्यात कुजवून झाडांखालीच पसरावा, अशी माझी विनंती आहे.

– एक बागप्रेमी वाचक, नागपूर