नव्ह शापेलला एकदा याच

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

आई, सुट्टीच्या दिवशी लीलहून मी त्या खेड्यात काय बघायला जाते, असं तू विचारलंस. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

नव्ह शापेल हे ते खेडं, उत्तर फ्रान्समधल्या पा-द-काले जिल्ह्यात, लील शहराच्या पश्चिमेला. सगळा मुलूख सपाट. बटाट्याची, बीटाची शेतं आणि मधून पाण्याचे चर. पूर्वेला ओबेरचा उंचवटा आहे, पण आपल्याकडे त्याला कोणी टेकाडही म्हणणार नाही. माती चिकण, थोडं खणलं की पाणी लागतं. पहिल्या महायुद्धात इथे खोल खंदक खणताच येत नव्हते. मातीची पोती रचून त्यांच्या आडोशाला माणसं बसायची. आणि जर्मन त्या उंचवट्यावर! एवढ्याशा चढासाठी किती जीव गेले.

बाबा, आता तुमच्यासाठी. 28 ऑक्टोबर 1914 ला हे गाव जर्मनांकडून परत घ्यायला ब्रिटिशांच्या भारतीय फौजेतल्या 47 व्या शीख पलटणीबरोबर जे धावले, ते आपल्या खडकीचे बॉम्बे सॅपर्स, 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या. पूल बांधणारी, सुरुंग लावणारी ही माणसं. त्यांना संगिनी लावून पायदळासारखं पुढे धाडलं. घराघरांतून लढत ते गावात शिरले. पण पुरेशी कुमक आली नाही आणि माघार घ्यावी लागली. त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. तुम्ही इतकी वर्षं सॅपर्सच्या फाटकासमोरून सायकलने कामावर गेलात, आणि आपल्या घरात हे कधी कोणी बोललं नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

गाव शेवटी 10 मार्च 1915 ला हाती आलं. गढवालच्या गबरसिंह नेगींना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला तो त्याच दिवसाच्या लढाईसाठी.

गावाजवळच्या चौरस्त्यावर भारतीय स्मारक आहे, 1927 साली उभारलेलं. सांचीच्या कठड्यासारखी दगडी जाळी, कमळाचा स्तंभ, दोन वाघ. ज्यांची कबरच सापडली नाही अशा 4,700 हून अधिक भारतीयांची नावं पलटणीवार भिंतीवर कोरली आहेत.

एप्रिलच्या शेवटी या, थंडी ओसरलेली असते. व्हिसासाठीचं आमंत्रणपत्र मी पाठवते. बाबा, सॅपर्सची नावं मला तुमच्याबरोबर मोठ्यानं वाचायची आहेत.

तुमची,
मनू